थाळनेरचे पाच दरवाजे आणि खानदेशाचे राहून गेलेले संग्रहालय

१/
जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील आणि १ तमिळनाडूतील जिंजी. या यादीतील खानदेशाला सर्वांत जवळचा किल्ला म्हणजे बागलाणातील साल्हेर. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील एकही किल्ला यादीत नाही. या वस्तुस्थितीतून खानदेशाच्या इतिहासाविषयी एक प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाचा आणि त्याच्या एका संभाव्य उत्तराचा हा धागा.

२/
यादीत अन्याय शोधण्याचे कारण नाही. नामांकन मराठ्यांच्या लष्करी भूदृश्याचे होते आणि थाळनेर, लळिंग, सोनगीर, भामेर, पारोळा हे किल्ले त्या चौकटीत बसत नाहीत. त्यांच्या तटांवर फारुकी, मोगल, निजाम, पेशवे, होळकर, इंग्रज असे अनेक धनी येऊन गेले. अडचण नेमकी इथेच सुरू होते. ज्या किल्ल्याचा धनी एक, त्याचा अभिमान बाळगणे सोपे. ज्याचे धनी सहा, त्याची आठवण कोणी ठेवायची?

३/
या धाग्याची भूमिका आधीच सांगितलेली बरी. खानदेशाला स्वतःच्या इतिहासाचे संग्रहालय हवे आणि ते एखाद्या किल्ल्यातच हवे. मात्र त्या किल्ल्याला केवळ जुनी, प्रशस्त इमारत मानून चालणार नाही. संग्रहालयातील पहिली वस्तू किल्ला स्वतः असला पाहिजे आणि त्याचे सर्व धनी तिथे नोंदले गेले पाहिजेत, अभिमानाचे आणि अडचणीचेही.

४/
प्रथम भूगोल. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे जाणारा व्यापारी मार्ग आणि उत्तरेतून दख्खनेत उतरणाऱ्या फौजांची वाट, दोन्ही याच पट्ट्यातून जात. म्हणून येथील किल्ले सह्याद्रीतील किल्ल्यांसारखे वाटेपासून दूर, दुर्गम जागी बसलेले नाहीत. ते वाटेवर पहारा देतात. लळिंग खिंडीवर, सोनगीर हमरस्त्यावर, थाळनेर नदीच्या काठावर.

५/
थाळनेरपासून सुरुवात करणे योग्य. इ.स. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेरचा मुलूख दिला. १३८२ च्या सुमारास मलिक राजा जवळजवळ स्वतंत्र झाला आणि तापीच्या उत्तर तीरावरील हे ठाणे एका राज्याची राजधानी बनले. फारुकी राजांच्या ‘खान’ या किताबावरून ‘खानदेश’ हे नाव आले, असे एक मत आहे. कान्हदेश, सेऊणदेश अशा व्युत्पत्तीही सांगितल्या जातात. नावाचा हा वाद मिटलेला नाही.

६/
मलिक राजाचा मुलगा नसीर खान याने आसा अहिराकडून अशीरगड घेतला आणि तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले. खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्या शहराचे नामकरण झाले. सत्तेचे केंद्र पूर्वेला सरकले, तरी राजघराण्याची दफनभूमी काही काळ थाळनेरच राहिली. सुरुवातीच्या फारुकी राजांच्या कबरी आजही तिथे आहेत. त्यांतील अष्टकोनी, कोरीव कामाने नटलेली वास्तू पाहिली म्हणजे हे गाव कधीकाळी राजधानी होते, यावर विश्वास बसतो.

७/
धुळ्याजवळचा लळिंगही याच कथेचा भाग. नसीर खानाने वऱ्हाडावर स्वारी केली, ती अंगावर आली. बहमनी सेनापती खलफ हसन याने त्याचा पाठलाग करत बुऱ्हाणपूर गाठले आणि अखेरची लढत लळिंगपाशी झाली. १४३७ मध्ये, त्या पराभवानंतर लवकरच, नसीर खान मरण पावला. आज मुंबई-आग्रा महामार्गावरून जाणाऱ्यांना लळिंगचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी एका राज्याच्या महत्त्वाकांक्षेला लगाम बसला, हे सांगणारे वाटेत काहीही नाही.

८/
जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती पडला आणि फारुकी राज्य संपले. शाहजादा दानियालच्या नावाने सुभ्याला काही काळ ‘दानदेश’ म्हटले गेले. पुढे १६७० च्या दशकात मराठा फौजांनी मोगली अंमलाखालील धरणगाव, चोपडा ही संपन्न व्यापारी गावे लुटली. स्वराज्याच्या अर्थकारणात या स्वाऱ्यांना जागा आहे. धरणगावच्या विणकराच्या आणि सावकाराच्या आठवणीत मात्र त्यांचे रूप वेगळे असणार. स्थानिक इतिहास म्हणजे ही दुसरी बाजूही नोंदवणे.

९/
आता थाळनेरचा सर्वांत कठीण दिवस. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने होळकरांनी खानदेशातील आपला मुलूख इंग्रजांना दिला. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप फौजेसह थाळनेरसमोर आला. किल्ल्याची एक बाजू थेट तापीतून उठलेली, उरलेल्या तीन बाजूंना खोल घळ आणि आत जाण्यास एकच वाट. त्या वाटेवर एकामागून एक पाच दरवाजे. किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला सोडण्यास नकार दिला.

१०/
तोफा डागल्या गेल्या. मग बोलणी झाली आणि किल्लेदार काही माणसांसह बाहेर येऊन स्वाधीन झाला. आतील शिबंदी मात्र शस्त्रे घेऊन उभीच होती. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर हे अधिकारी थोड्या शिपायांसह दिंडीतून आत शिरले. तिथे बोलाचाली झाली आणि दोघेही मारले गेले. त्यानंतर इंग्रज फौज आत घुसली. सुमारे ३०० जणांची शिबंदी कापली गेली आणि स्वाधीन झालेल्या किल्लेदाराला फाशी देण्यात आली.

११/
या फाशीचे पडसाद लंडनपर्यंत पोहोचले. १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेत विजयी सेनेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या प्रकरणावर प्रश्न उपस्थित झाले. धन्याने तहात दिलेला किल्ला न सोडणारा किल्लेदार बंडखोर ठरतो का? धन्याची आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचली होती का? बाहेर येऊन स्वाधीन झालेल्या माणसाला, तो आत नसताना घडलेल्या हत्येसाठी फासावर देता येते का? दोन शतकांनंतरही हे प्रश्न जिवंत आहेत. त्यांची जागा पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत नाही, त्या दरवाजांपाशी आहे.

१२/
म्हणूनच संग्रहालय हवे. प्रश्न असा की ते कोठे आणि कोणत्या आधारावर. दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर धुळ्यात तयार आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड ज्यांनी सिद्ध केले, त्या राजवाड्यांची परंपरा खानदेशात रुजली, हे या भागाचे मोठे संचित.

१३/
त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते जमवण्याचे कार्य आरंभले. त्यातून श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. म्हणजे कागद जपण्याची शिस्त खानदेशाला नवी नाही. दगड जपण्याची शिस्त मात्र येथे मागे पडली. दप्तरखाना एका गावी, किल्ले दुसऱ्या गावी आणि दोघांना जोडणारा पूल कोठेच नाही, अशी ही स्थिती आहे.

१४/
जागेबाबत पहिला मोह थाळनेरचा होईल. तो आवरावा. नदीकाठच्या त्या अवशेषांवर नवे छप्पर, नवी दालने, नवी फरशी घालणे म्हणजे उरलेला पुरावा पुसणे. थाळनेर मोकळेच राहावे. तेथे नीट नकाशा, प्रत्येक कबरीची ओळख आणि दरवाजांच्या वाटेची आखणी एवढे पुरेसे आहे. काही स्थळांचे संग्रहालय दुसरीकडे उभे करणे, हीच त्या स्थळांची जपणूक असते.

१५/
या दृष्टीने पारोळ्याचा भुईकोट अधिक योग्य ठरतो. १८८० च्या खानदेश गॅझेटियरनुसार हा कोट हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधला. कठोर कालगणनेत तो मध्ययुगाच्या अगदी शेवटच्या पायरीवर बसतो. तरी तट, बुरूज, खंदक आणि आत बालेकिल्ला ही रचना जुन्याच परंपरेची. येथील जहागीरदारांचे नाते झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या सासरच्या नेवाळकर घराण्याशी सांगितले जाते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांची वक्रदृष्टी या किल्ल्यावर पडली आणि त्याची मोडतोड झाली.

१६/
पारोळ्याची आणखी एक बाजू व्यवहाराची आहे. गाव धुळे-जळगाव महामार्गावर आहे. किल्ला डोंगरावर नसून वस्तीला लागून आहे. शाळेची सहल, वयस्क माणसे, व्हीलचेअरवरील पाहुणा, सर्वांना तिथे पोहोचणे शक्य आहे. जिल्हाविभाजनाने खानदेशाचे तुकडे झाले : १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा. त्या सर्वांना सामाईक वाटेल अशी जागा दोन जिल्हा-ठिकाणांच्या मधोमध असावी, हेही उचित.

१७/
किल्ल्याचे संग्रहालय होणे ही जगावेगळी कल्पना नाही. इंग्लंडमधील नॉर्विच येथील नॉर्मन काळातील किल्ला शतकानुशतके तुरुंग होता. १८८७ मध्ये तुरुंग हलला आणि १८९४ मध्ये तिथे त्या परगण्याचे संग्रहालय उघडले. गोव्यात मांडवीच्या मुखाशी असलेला रेईश मागूश हा १५५१ मध्ये बांधलेला पोर्तुगीज किल्ला १९९३ पर्यंत तुरुंगच होता. डागडुजीनंतर २०१२ मध्ये तो सांस्कृतिक केंद्र म्हणून खुला झाला आणि मारिओ मिरांडा यांच्या चित्रांना तिथे घर मिळाले.

१८/
दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. किल्ल्याला रोजचा उपयोग मिळाला आणि उपयोगामुळे रोजची देखभाल मिळाली. तटातील पिंपळाचे रोप पहिल्या पावसाळ्यात कोणी उपटले, तर तट शंभर वर्षे टिकतो. ते पाहणारेच कोणी नसेल, तर दहा वर्षांत मुळे चिरा उसवतात. किल्ले तोफांनी जितके पडले, त्याहून अधिक दुर्लक्षाने पडले. संग्रहालयाचा पहिला लाभ हाच : दररोज सकाळी कुलूप उघडणारा एक माणूस.

१९/
उपयोग कसाही असून चालत नाही, हेही मान्य केले पाहिजे. ऐतिहासिक खानदेशातच मोडणाऱ्या मालेगावच्या भुईकोटात शाळा भरत आली आहे. मुलांचा वावर असल्याने वास्तू ओस पडली नाही, पण शाळेच्या गरजा आणि तटाच्या गरजा वेगळ्या असतात. पारोळ्यात सिमेंटचा गिलावा, रंगीत दिवे, फायबरचे घोडेस्वार आणि सेल्फीसाठी सिंहासन आले, तर तेही नुकसानच. चुन्याचे काम चुन्यानेच व्हावे आणि नवी भर काढून घेता येईल अशीच असावी.

२०/
दालनांत काय असावे? ढाल-तलवारींच्या ओळी महाराष्ट्रात सर्वत्र आहेत. खानदेशाकडे सांगण्यासारखे वेगळे पुष्कळ आहे. चाळीसगावजवळील पाटणे येथे शं. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी व कोरीव तुकडे मिळाले, ते सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. त्याच परिसरातील पाटण येथे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने सिद्धान्तशिरोमणीच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. मूळ लेख जागेवर राहावा, त्याचा ठसा पारोळ्यात यावा.

२१/
सर्वांत महत्त्वाचे दालन तटाबाहेरच्या माणसांचे असावे. किल्ल्याचा इतिहास बहुधा आत राहणाऱ्यांचा असतो. सातपुड्यातील भिल्लांच्या वाट्याला त्यात ‘उपद्रव’ एवढाच शब्द येतो. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली, धरणगाव हे तिचे ठाणे झाले. १८५८ च्या एप्रिलमध्ये खाज्या नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल आंबापाणी येथे इंग्रज फौजेशी लढले. एकाच समाजाची ही दोन चित्रे एका भिंतीवर शेजारी लावणे, हे संग्रहालयाच्या प्रामाणिकपणाची कसोटी ठरेल.

२२/
विसावे शतकही या कथेत येते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. कापसाचा बाजार, भुसावळची रेल्वे, अहिराणीचे शब्दभांडार, हे सारे दालनाबाहेर ठेवता येणार नाही. अहिराणीचा तर आग्रहच असावा. पाटीवरचा मजकूर मराठीबरोबर अहिराणीत वाचायला मिळाला, तर घरातली भाषा प्रथमच इतिहासाची भाषा म्हणून दिसेल.

२३/
आक्षेप तीन संभवतात. पहिला कायद्याचा. केंद्राचा १९५८ चा व राज्याचा १९६० चा स्मारककायदा बांधकामावर कडक बंधने घालतो आणि केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे. ही बंधने अडथळा वाटतात, प्रत्यक्षात ती मर्यादा शिकवतात. नवी इमारत बांधायचीच नाही, असे ठरवून आराखडा केला, तर योजना लहान होते, स्वस्त होते आणि किल्ल्याला इजा करत नाही.

२४/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर. संग्रह धुळ्यात सुरक्षित असताना तो दमट, उघड्या कोटात का न्यावा? नेऊच नये. मोडी कागद, पोथ्या, चित्रे धुळ्यातच राहावीत. त्यांच्या उत्तम प्रतिकृती, लिप्यंतरे व नकाशे पारोळ्यात यावेत. दगड, भांडी, शेतीची अवजारे, वजनमापे यांसारख्या वस्तू हवामान सोसतात, त्या मूळ स्वरूपात मांडाव्यात. दप्तरखाना संशोधकासाठी आणि किल्ला सर्वांसाठी, अशी ही वाटणी दोघांच्याही हिताची आहे.

२५/
तिसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो : फारुकी सुलतानांच्या आठवणी कशाला जपायच्या? उत्तर सरळ आहे. मलिक राजा, तुळशीराम मामा, खाज्या नाईक आणि धरणगावचा अनाम विणकर यांतील एकाला वगळले, तरी उरलेल्यांची गोष्ट समजेनाशी होते. थाळनेर फारुकींमुळे उभे राहिले आणि होळकरांच्या किल्लेदारामुळे लक्षात राहिले. गाळून घेतलेला इतिहास अभिमान वाढवतो, समज वाढवत नाही. मग आपल्याच गावची गढी मुलांना परक्याची वाटू लागते.

२६/
शासनाच्या आदेशाची वाट न पाहता आरंभ करता येतो. खानदेशात प्रत्येक मोठ्या गावाला गढी, वेस किंवा बारव आहे. त्यांची दिनांकित छायाचित्रे, मोजमापे, घराघरांतील सनदांची व मोडी कागदांची यादी, वृद्धांकडून ऐकलेली स्थळनामे, एवढे साहित्य महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाला दोन पावसाळ्यांच्या मधल्या काळात जमवता येईल. कागद घरमालकाकडेच राहावा, नोंद मात्र सर्वांची व्हावी. अशा नोंदींवर उभे राहिलेले संग्रहालय उद्घाटनाच्या फितीनंतरही टिकते.

२७/
थाळनेरच्या पाच दरवाजांतून १८१८ मध्ये फौज आत गेली आणि तिच्या सेनापतीने लिहिलेली हकिगत इतिहास ठरली. त्या दिवशी आत असलेल्यांची बाजू कोणी लिहून ठेवली नाही. खानदेशाचे संग्रहालय ही उणीव पूर्ण भरून काढू शकणार नाही. पण तुळशीराम मामाचे नाव, त्याला विचारलेला जाब आणि त्याला न मिळालेला न्याय एका पाटीवर शेजारीशेजारी लिहिता येतील. ती पाटी पारोळ्याच्या पहिल्या दालनात असावी.

धागा समाप्त.